टोमॅटोच्या झाडावरची मूठ

मी मूठ बोलतेय. एका लाकडी टेबलाच्या खणाची मूठ. अंगावर लाल रंग आहे, पाठीतल्या स्क्रूला तार गुंडाळलेली आहे आणि सध्या मी टोमॅटोच्या झाडावर लटकते आहे, त्यामुळे तुमचा गैरसमज व्हायचा. तो आधीच दूर केलेला बरा. या गैरसमजापायी एका भल्या माणसाचा दात गेला आहे.

आज मी खुशीत आहे. खुशीत म्हणण्यापेक्षा, सुटल्यासारखं वाटतंय. कितीतरी दिवस श्वास रोखून बसले होते, तो आज सकाळी सोडला. लाकडाच्या गोळ्याला कसला आलाय श्वास, असं विचारू नका. माणसांत राहून राहून आम्हालाही त्यांच्या खोडी लागतात.

माझा जन्म एका कातारीच्या हातचा. लाकूड यंत्रावर गरगर फिरवून त्याला गोलाई आणायची, हे त्याचं काम. कुणाच्या तरी खुर्चीचे पाय करून उरलेल्या तुकड्यातून मी निघाले. माझ्या एका अंगाला लाकडाची काळी गाठ आली होती. कातारी ओशाळून म्हणाला, "ही राहू द्या, दुसरी करून देतो." समोर उभ्या असलेल्या तरुण घड्याळजींनी मला उचललं, अंगठ्याने ती गाठ चाचपली आणि म्हणाले, "हीच द्या. हिच्याकडे न बघताही कळेल की हीच ती." जन्मल्या जन्मल्या कोणी आपल्या व्यंगाचं कौतुक करावं, हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मी त्या दिवसापासून त्यांची झाले.

घड्याळजींचं दुकान जिन्याखाली होतं. एक टेबल, एक दिवा, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि भिंतभर घड्याळं. त्यातल्या प्रत्येकाचं किती वाजले याबद्दल स्वतःचं वेगळं मत होतं. मी होते टेबलाच्या उजव्या खणाला. आत चिमटे, बारीक पेचकस, कापसाचे बोळे आणि बाटलीत भरलेले राईएवढे स्क्रू.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकले की जगाला पारखे व्हायचे. तोंड मात्र चालू असायचं. हात घड्याळात आणि गप्पा गावभरच्या. मध्येच काही लागलं की हात आपोआप माझ्याकडे यायचा, दोन बोटं माझ्या गळ्याशी यायची, अंगठा गाठीवर बसायचा आणि खण उघडायचा. त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही. त्याचं मला वाईट वाटत नसे. रोजच्या भाकरीकडे तरी कोण बघत बसतं?

मग एका वर्षी दिव्याच्या तक्रारी सुरू झाल्या. या दिव्यात काही दम नाही म्हणून त्यांनी मोठा दिवा आणला. तोही बदलला. टेबल दाराकडे सरकवलं. पुढे स्क्रू बनवणाऱ्यांची खरडपट्टी निघाली. "पूर्वीचे स्क्रू राहिले नाहीत," म्हणायचे. एकदा असाच एक स्क्रू त्यांच्या अंगठ्याशेजारी पडला होता आणि ते तो सबंध टेबलभर शोधत होते. मला दिसत होतं. मी काय करणार? मुठीला धरायचं असतं, तिचं ऐकायचं नसतं.

घरी विचारलं की ठरलेलं उत्तर असे, "दिसतंय, दिसतंय. मला काय धाड भरलीय?" डोळ्यावर पोट असलेल्या माणसाला डोळा गेला असं म्हणवत नाही, हे मी समजू शकते. पुढे एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "आता घड्याळं वापरतं कोण? सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत. दुकान बंद करतो." सगळ्यांना पटलं. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला.

टेबल एका मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने घेतलं. हमालांनी ते तिरकं करून दारातून काढताना मी चौकटीला अडकले आणि स्क्रूसकट उपटून खाली पडले. घड्याळजींची बायको तिथे झाडलोट करत होती. तिने मला उचलून आपल्या पिशवीत टाकलं आणि घरी गेल्यावर बटणांच्या डब्यात. गडबडीत कोणाला सांगायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही आणि चार दिवसांत ती स्वतःही विसरली.

मी मात्र विसरले नाही. ज्या माणसाने मला बोटांनी पाठ केलं होतं, त्याने 'मूठ कुठे गेली' एवढंही विचारू नये? हा राग मी मनात धरून बसले. लाकडात राग चांगला मुरतो. बटणं बिचारी गप्पा मारायला यायची, पण मी कोणाशी धड बोलले नाही.

इकडे घरात रिकामपण आलं होतं. त्यावर बायकोने इलाज काढला. तिला सगळे काकू म्हणतात, मीही तेच म्हणते. काकूंनी रंगाच्या रिकाम्या बादल्या गच्चीवर नेल्या, बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि टोमॅटो लावले. घड्याळजींना म्हणाल्या, "अहो, तुमच्या बोटांना काहीतरी काम द्या, नाहीतर तुम्ही माझ्या स्वयंपाकघराची दुरुस्ती काढाल."

बोटं लगेच कामाला लागली. टोमॅटोच्या खोडाच्या बगलेतून नको ते फुटवे येतात, ते वेळेवर खुडावे लागतात. घड्याळजी ते असे खुडत, जसा घड्याळातला कचरा काढावा. त्यांचं बघून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनीही बादल्या आणल्या. मास्तरांना टोमॅटोपेक्षा वादाची हौस जास्त. पाणी सकाळी घालावं की संध्याकाळी, यावर दोघे बादल्या कोरड्या पडेपर्यंत भांडत.

गच्चीचा एक नियमही ठरून गेला. हंगामातला पहिला पिकलेला टोमॅटो कोणाच्याही बादलीतला असो, तो घरात न्यायचा नाही. कठड्यावर ताटली ठेवायची, फोडी करायच्या, वर मीठ भुरभुरायचं आणि सगळ्यांनी उभ्याउभ्या खायचा. आणि तो तोडायचा घड्याळजींनी. मास्तरांचं म्हणणं, "या माणसाने तोडला की देठालासुद्धा कळत नाही." वादात हार न मानणाऱ्या माणसाचं एवढंच एक कौतुक, म्हणून घड्याळजी ते जपून ठेवायचे.

पण पहिला टोमॅटो माणसांच्या हाती लागायची मारामार. जरा लाली चढली की पाखरं चोच मारून जायची. मग काकूंना कोणीतरी युक्ती सांगितली. फळं हिरवी असतानाच झाडावर लाल गोळे टांगायचे. पाखरं येतात, चोच मारतात, आपटी खातात आणि या झाडाचा नाद सोडतात. काकूंनी घर धुंडाळलं. पिंगपाँगचा एक चेंडू मिळाला, एक बूच मिळालं आणि बटणांच्या डब्याच्या तळाशी मी.

रंग काय लावायचा? तेव्हा लेक आली होती. ती जवळच राहते आणि आठवड्यातून एकदा येऊन आईवडिलांना रागावून जाते. तिच्या जुन्या नेलपॉलिशच्या बाटल्या कपाटात पडल्या होत्या. काकूंनी मला एकावर एक थर दिले. गाठ बुजली, लाकूड बुजलं. उतारवयात नटवलं म्हणून मी आधी लाजले, मग सवय झाली. चेंडू पहिल्याच वाऱ्यात उडाला, बूच पावसाने फुगून फुटलं आणि झाडाची राखण एकट्या माझ्यावर आली.

चोची खाल्ल्या बाई मी. एक कावळा तर रोज यायचा. त्याचा अनुभवावर विश्वासच नव्हता.

त्या हंगामात घड्याळजींच्या हातून एक चूक झाली. बगलेतला फुटवा समजून त्यांनी झाडाचा शेंडाच खुडला. काकूंच्या लक्षात आलं. मास्तर विचारायला आले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "पाखरांनी नेला मेला." घड्याळजी शेजारीच उभे होते. ते आपली बोटं पुसत राहिले.

मग पहिला टोमॅटो पिकला. काकूंनीच घाईघाईने तो तोडला, म्हणाल्या, हातात आला आपसूक. मला वाटतं, तेव्हाच त्यांना शंका होती. राखणीचं काम झालं म्हणून त्यांनी मलाही खाली उतरवलं. एका हातात सुरी, दुसऱ्यात मिठाची वाटी, म्हणून तात्पुरतं मला ताटलीत ठेवलं, खऱ्या टोमॅटोशेजारी. आणि वाटी पुसायला वळल्या.

घड्याळजी आणि मास्तर ऐन वादात होते. विषय होता, फळ झाडावर पिकवावं की घरात. "मी सांगतो तुम्हाला," म्हणत घड्याळजींनी ताटलीत हात घातला, मला उचललं आणि वादाच्या भरात सरळ चावले.

कवळीचा पुढचा दात टणकन उडाला. घड्याळजींनी मला तोंडातून काढलं आणि शांतपणे म्हणाले, "अजून जरा कच्चा आहे."

मास्तर हसता हसता कठड्याला टेकले. लेक हसली. घड्याळजीही हसले, दात नसलेल्या जागेतून हवा सोडत. फक्त काकू हसल्या नाहीत. ताटलीत खरा टोमॅटो तसाच होता. एकाला देठ होता, दुसरीला तार. एवढंही न दिसणाऱ्या माणसाला मग काय दिसत होतं, हे त्यांना त्या एका घासात कळलं. आणि मला काय कळलं सांगू? त्यांचा अंगठा माझ्यावर बरोबर गाठीच्या जागी होता, पण वर नेलपॉलिशचे थर. त्यांनी मला ओळखलं नाही. दाताची खूण तेवढी माझ्या अंगावर राहिली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे हात धरून रिक्षात घातलं. मोतीबिंदू जुना झाला होता. डॉक्टर म्हणाले, एवढा वेळ काढायला नको होता; मोती काढता येईल, पण मागचा पडदा किती शाबूत आहे ते नंतरच कळेल. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली आणि उजेडाशिवाय काही दिसेना. तो पडदा आधीच गेला होता. राहता राहिला एक डोळा. बरेच महिने घड्याळजी त्याला हात लावू देईनात. जेवढं आहे तेवढंही जायचं, अशी धास्ती. शेवटी यंदाची रोपं लावायच्या सुमारास लेकीने तारीख घेऊन टाकली आणि त्याचीही शस्त्रक्रिया झाली.

हे सगळं मला गच्चीवर कळायचं, कारण काकू झाडांशी बोलतात. पाणी घालताना सगळं सांगतात. त्या म्हणायच्या, "पट्टी निघाली. काळा चष्मा दिलाय. बोलत नाहीत हो काही. आधी उठसूट दिसतंय दिसतंय म्हणायचे, आता विचारलं की नुसतं बघू म्हणतात." आणि मग पाणी बादलीच्या काठावरून वाहून जायचं तरी त्यांचं लक्ष नसायचं.

खोटं 'दिसतंय' ऐकायची त्यांना सवय होती. या गप्प बसण्याचा अर्थ त्या एकच लावत होत्या. मीसुद्धा.

टोमॅटो धरले. हिरवे, मग पांढुरके, मग तो किंचित भगवा रंग, ज्याची सगळे वाट बघत असतात. मला यंदाही टांगलं होतं. कावळ्याने यंदा माझ्या अंगावरचे नेलपॉलिशचे पोपडे काढले होते, एका बाजूने तर चांगलंच सोललं होतं. काकूंचं पुन्हा रंग द्यायचं राहून गेलं. त्यांचं चित्त थाऱ्यावर कुठे होतं?

काल लेक नवा चष्मा घेऊन आली आणि रात्री इथेच राहिली. आणि मास्तरांनी जिन्यात आरोळी दिली, "घड्याळजी, उद्या पहिला तोडायचा हं. यंदा आधी चावून बघा, पिकलाय का." त्यांनी थट्टाच केली होती, पण काकूंनी ती मनावर घेतली.

आज उजाडताच काकू एकट्या वर आल्या. नेसत्या साडीचा पदर खोचलेला, हातात कात्री. त्या माझ्याजवळ आल्या आणि तार सोडवू लागल्या. पुटपुटत होत्या, "तू नसलीस म्हणजे निदान तुला तरी तोडणार नाहीत. चारचौघांत पुन्हा हसं नको त्यांचं." मला त्यांचं पटलं. मी बाजूला झाले तर त्या माणसाची लाज राखली जाणार होती. पण तार गंजली होती आणि कात्रीला दाद देत नव्हती. काही केल्या सुटेना.

तेवढ्यात गच्चीचं दार वाजलं. घड्याळजी दारात उभे. नवा चष्मा लावलेला, एक हात चौकटीला.

काकू दचकल्या. मला मुठीत झाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लवकर उठलात? अहो, पायरी सांभाळून."

ते पायरी उतरले. चाचपडले नाहीत. बादल्यांमधून वाट काढत सावकाश आले. काकूंच्या हाताकडे बघितलं, मग वाकून त्यांच्या बोटांतून डोकावणाऱ्या माझ्याकडे. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे निरखून पाहिलं असेल. कावळ्याने सोललेल्या बाजूला माझी काळी गाठ उघडी पडली होती.

"अगं," घड्याळजी म्हणाले, "ही माझ्या खणाची मूठ."

काकूंनी हात काढून घेतला.

"ही गाठ बघ. कातारी दुसरी देत होता, मीच नको म्हटलं होतं." मग त्यांनी मला जरासं वळवलं. "आणि हा माझा दात. म्हणजे त्या दिवशी हिलाच चावलो होतो मी? दुकान सोडलं त्या दिवशी गुडघ्यांवर बसून सगळी जमीन चाचपली गं हिच्यासाठी. कुठे मिळाली तुला?"

आता माझं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. मी पिशवीत होते तेव्हा. ते मला शोधत होते आणि मी पिशवीत बसून त्यांच्यावर रुसत होते. इतक्या वर्षांचा मुरवलेला राग एका क्षणात वाया गेला आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पण काकूंचा अजून धीर होत नव्हता. "गाठ हाताला लागली असेल तुमच्या," त्या हळूच म्हणाल्या.

"ओळखलं तेव्हा हात कुठे लावला होता मी?" ते म्हणाले. "बरं, तू इथे इतका वेळ उभी आहेस, पिकलेला कुठला ते सांग."

काकूंनी समोरच्या भगव्या टोमॅटोकडे बोट दाखवलं. "हाच. झालाच म्हणायचा."

"तो कच्चा आहे. कच्च्याचा मला अनुभव आहे." घड्याळजींनी हात पुढे केला, दोन बोटं माझ्या गळ्याशी, अंगठा गाठीवर. आणि मला हलकेच ओढलं, खण ओढावा तसं. माझ्याबरोबर सगळी फांदी पुढे आली, मोठं पान बाजूला झालं आणि त्याच्या मागे, काकूंना आणि कावळ्याला दोघांनाही न दिसलेला, एक टोमॅटो होता. पूर्ण पिकलेला, देठापर्यंत लाल.

काकू पालथ्या बादलीवर मटकन बसल्या. आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या. "कधीपासून दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"आधी धुकंच होतं. मग वस्तूंच्या कडा दिसायला लागल्या. काल या चष्म्यातून तुझ्या कपाळावरची आठी दिसली."

"मग बोलला का नाहीत? माझा जीव टांगणीला लावून बसलात."

घड्याळजींनी तोंड वळवलं. "दिसत नव्हतं तेव्हा दिसतंय म्हणून तुला फसवत राहिलो. आता खरंच दिसतंय म्हटलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास?"

काकू उठल्या आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन लेकीला आणि मास्तरांना हाक मारली. तो आवाज ऐकून मास्तर एका पायात चप्पल घालून वर आले.

घड्याळजींनी टोमॅटो तोडला. देठाला कळलंसुद्धा नाही. फोडी झाल्या, मीठ पडलं. पहिली फोड काकूंनी त्यांच्या तोंडात घातली आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मास्तरसुद्धा. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला तरी कोणी पुसला नाही. मला चव कळत नाही, पण माणसं गप्प झाली की ती चीज चांगली असणार, एवढं मी शिकले आहे.

लेक म्हणाली, "बाबा, ही मूठ खाली नेऊ या का? रंग खरवडून ठेवू."

"राहू दे तिला," घड्याळजी म्हणाले. "अजून पुष्कळ पिकायचेत."

तर मी आहे ही अशी. अर्धी लाल, अर्धी सोललेली, अंगावर चोची आणि एक दात. तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या घरात कोणी सारखा दिवा बदलत असेल, पायरीवर पाऊल घोटाळत असेल आणि विचारलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणत असेल, तर त्याला हसण्याआधी त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. त्याच्याजवळच्या निर्जीव वस्तूंना सगळं ठाऊक असतं, पण त्यांना सांगता येत नाही.

मला आता रुसायला काही उरलेलं नाही. ऊन चढतंय, कावळा समोरच्या तारेवर येऊन बसलाय आणि माझ्या मागच्या फांदीवर आणखी एकाला लाली धरते आहे. उद्या सकाळी घड्याळजी येतील, दोन बोटांनी मला धरतील आणि हलकेच ओढतील. पुढचं काम माझ्या ओळखीचं आहे.